टक्केवारीत अडकलेला हक्क

कल्याणकारी राज्याची परीक्षा त्याने जाहीर केलेल्या योजनांच्या संख्येवरून होत नाही. ज्याला योजनेचा लाभ नाकारला जातो त्याला राज्य कोणते उत्तर देते आणि त्या उत्तराविरुद्ध दाद मागण्याची कोणती सोय ठेवते, यावरून ती होते. आपल्याकडे योजनांची वाण नाही. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांनी गांजलेल्या नागरिकाला सार्वजनिक साहाय्य मिळावे, असे राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाने शासनाला आर्थिक कुवतीच्या मर्यादेत बजावून ठेवले आहे. या कलमाच्या आधारे गेल्या काही दशकांत केंद्राने व राज्यांनी अनेक योजना उभ्या केल्या. परंतु योजना आणि माणूस यांच्यामध्ये कचेरीची एक खिडकी असते. त्या खिडकीतून ‘नाही’ असे उत्तर आले, तर पुढे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. स्वमग्न मुलांच्या आईबापांना तो रोज विचारावा लागतो.

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील एक आजन्म अवस्था आहे. स्वमग्न मुलाला इतरांशी संवाद साधणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, नेहमीच्या क्रमात झालेला बदल सोसणे अवघड जाते. कोणाला मिक्सरचा आवाज असह्य होतो, कोणी चार ठरावीक पदार्थांपलीकडे काही खात नाही, कोणी मध्यरात्री दार उघडून बाहेर पडतो. एखादे मूल अस्खलित वाचते, पण भूक लागली हे सांगू शकत नाही. पाय अधू असलेल्या मुलाचे अपंगत्व पाहणाऱ्याला दिसते. स्वमग्न मुलाचे दिसत नाही. दिसतो तो त्याचा ‘हट्टीपणा’ किंवा आईचे ‘लाड’. म्हणूनच ही अवस्था कायद्याच्या चौकटीत यायलाही उशीर लागला.

१९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली. त्यांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिला प्रथम स्थान दिले, पण त्या कायद्याचा भर पालकत्व आणि सांभाळ यांवर होता. नोकरी, शिक्षण व सामाजिक सुरक्षा यांचे दार उघडले ते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसपर्यंत नेले आणि त्यांत स्वमग्नता स्पष्ट शब्दांत घातली. म्हणजे १९९५ च्या कायद्यानंतर तब्बल एकवीस वर्षे नोकरी, शिक्षण व सामाजिक सुरक्षा यांच्या कायद्यात या मुलांना स्वतःचे असे नाव नव्हते. ज्यांना काही मिळाले, त्यांपैकी अनेकांना ते मतिमंदत्वाच्या सदराखाली, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने मिळाले.

चाळीस टक्क्यांचा उंबरठा

नाव मिळाले म्हणजे लाभ मिळाला असे नाही. कायद्याने ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ अशी एक वेगळी पायरी ठेवली आहे आणि ती पायरी म्हणजे चाळीस टक्के. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, उच्च शिक्षणातील व सरकारी नोकऱ्यांतील आरक्षण हे सारे या पायरीच्या वर आहे. आईवडिलांना आयकरात मिळणारी ७५ हजार रुपयांची वजावटही चाळीस टक्क्यांपासून सुरू होते. अपंगत्व ऐंशी टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर ती सव्वा लाखाची होते. अर्थात जुनी करपद्धत निवडणाऱ्यालाच ही सवलत आहे. नव्या पद्धतीत तिला जागा नाही, ही गोष्ट अनेक शिक्षक-कारकुनांच्या ध्यानात उशिरा येते. केंद्र सरकारी नोकरीत असणाऱ्या पालकाला आणखी दोन बाबी महत्त्वाच्या असतात. बालसंगोपन रजेसाठी अपंग अपत्याच्या बाबतीत वयाची अट नाही, आणि स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अशा अपत्याला पालकाच्या मागे आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. आपल्या मागे या मुलाचे काय होणार, या प्रश्नाने ज्यांची झोप उडालेली असते, त्यांना या शेवटच्या तरतुदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गरिबाच्या पदरात रोख रक्कम काय पडते, तेही पाहावे. केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना दारिद्र्यरेषेखालील, ऐंशी टक्के अपंगत्व असलेल्या आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी आहे. तिच्यात केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपयांचा. म्हणजे दहा वर्षांचे स्वमग्न मूल तिच्या कक्षेतच येत नाही. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये दरमहा १५०० वरून २५०० रुपये करण्यात आले. ही वाढ स्वागतार्ह आहे. परंतु या योजनेला कौटुंबिक उत्पन्नाची अट आहे, रहिवासाची अट आहे, आणि या सर्वांच्या आधी प्रमाणपत्र आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण मिळते. तेथेही प्रथम कागद हाच लागतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर ही रचना उताराची नाही, कड्याची आहे. गरज जसजशी वाढेल तसतसे साहाय्य वाढावे, असे येथे होत नाही. एकोणचाळीसला बहुतेक काही नाही आणि चाळीसला जवळजवळ सगळे. अशा कड्याच्या काठावर मोजमापातील लहानशी चूकही एखाद्या कुटुंबाचे आयुष्य बदलून टाकते. त्यामुळे मोजमाप कसे होते, हे तपासणे भाग आहे.

मोजमाप कशाचे?

स्वमग्नतेच्या मूल्यमापनासाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने एक भारतीय श्रेणी तयार केली. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी ती स्वीकारली. तिच्यात चाळीस प्रश्न असून ते सहा गटांत विभागलेले आहेत: सामाजिक संबंध, भावनिक प्रतिसाद, भाषा व संवाद, वर्तन, संवेदना आणि आकलन. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. लक्षण क्वचित दिसले तर एक, कधीकधी दिसले तर दोन, वारंवार दिसले तर तीन, याप्रमाणे ‘नेहमीच’ला पाच. एकूण गुण सत्तरच्या खाली राहिले तर स्वमग्नता नाही. सत्तर झाले की चाळीस टक्के.

परदेशी श्रेण्या जशाच्या तशा वापरण्यापेक्षा आपल्या परिस्थितीत घडवलेली श्रेणी असणे चांगलेच आहे. ती श्रेणी नीट, शांतपणे, मुलाचे निरीक्षण करून आणि पालकांशी सविस्तर बोलून वापरली, तर ती उपयोगी साधन ठरते. परंतु जिल्हा रुग्णालयातील मंडळाच्या दिवशी काय घडते, याची कल्पना करणे कठीण नाही. आठवड्यातील ठरावीक वार, व्हरांड्यात दाटलेली गर्दी, अनोळखी जागा, मोजका वेळ. मूल घाबरून गप्प बसले, तर ‘शांत आहे’ असा शेरा पडतो. डॉक्टरांनी दिलेल्या खेळण्यात रमले, तर ‘सहकार्य करते’ असा पडतो. एका प्रश्नाचे उत्तर ‘कधीकधी’ की ‘वारंवार’, यावर एका गुणाचा फरक पडतो. आणि एकोणसत्तर व सत्तर यांमधील अंतर एका गुणाचेच आहे. ज्या लक्षणांचे मोजमाप करायचे ती रात्री दोन वाजता, शाळेच्या वर्गात, लग्नाच्या मांडवात आणि एसटीच्या गर्दीत दिसतात. ती त्या खोलीत ठरल्या वेळी हजर राहतीलच असे नाही.

याहून मूलभूत विसंगती कायद्याच्या पोटातच आहे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग व्यक्तीची जी व्याख्या केली, ती केवळ शरीराच्या वा मनाच्या उणिवेवर थांबत नाही. दीर्घकालीन उणीव आणि समाजातील अडथळे यांच्या परस्परसंबंधातून ज्याला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, तो दिव्यांग, असे तिचे सार आहे. ही व्याख्या उदार आहे आणि २००७ मध्ये भारताने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याशी सुसंगत आहे. टक्केवारी मात्र मुलातील लक्षणे मोजते. अडथळे मोजत नाही. कोणाला घरात आजी आहे आणि शाळेत समजूतदार शिक्षिका आहे. कोणाची आई एकटी असून तिला मोलमजुरी सोडून दिवसभर मुलाच्या मागे राहावे लागते. दोघांची गुणसंख्या सारखीच भरेल. त्यांची गरज मात्र सारखी नाही. कायद्याने दार रुंद ठेवले आणि नियमांनी उंबरठा उंच केला, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

दोन चुका

कोणत्याही पात्रता-परीक्षेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. अपात्राला लाभ मिळणे ही एक आणि पात्राला तो नाकारला जाणे ही दुसरी. पहिल्या चुकीवर सगळ्यांची नजर असते. तिचे लेखापरीक्षण होते, तिची बातमी होते, तिच्यासाठी अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. २०२४ साली सनदी सेवेतील एका उमेदवाराच्या प्रमाणपत्रांवरून देशभर जो गदारोळ झाला, तो आठवावा. बनावट प्रमाणपत्रे शोधलीच पाहिजेत, कारण ती खऱ्या दिव्यांगांच्या ताटातले काढून घेतात. परंतु दुसरी चूक कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ज्याला चुकीने नकार मिळाला तो गुपचूप घरी जातो. त्याचे नाव कोणत्याही यादीत राहत नाही. पहिल्या चुकीची शिक्षा अधिकाऱ्याला आणि दुसरीची शिक्षा मुलाला, अशी वाटणी असल्यावर सावध अधिकारी कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. प्रत्येक घोटाळ्यानंतर होणारी कडक तपासणी प्रामाणिक अर्जदारालाच अधिक जाचते. लबाडाला वाटा ठाऊक असतात.

त्यात अर्ज करण्याची स्वतःची अशी एक किंमत असते. समजा, मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातली शेतमजूर आई मुलाला घेऊन जिल्ह्याच्या गावी निघाली. एक दिवस ऑनलाइन अर्ज भरण्यासाठी, एक कागद पूर्ण करण्यासाठी, एक तपासणीसाठी, आणखी एक मानसशास्त्रज्ञ रजेवर असल्यामुळे वाया गेलेला. प्रत्येक फेरीला दोघांचे भाडे आणि बुडालेला रोज. ज्या मुलाला बसचा गोंगाट सहन होत नाही त्याच्याबरोबरचा प्रवास ही तर वेगळीच किंमत. ती पैशांत मांडता येत नाही. नोकरदार पालक रजा टाकून हे निभावतो. तिला ते निभावत नाही. जिला साहाय्याची गरज सर्वाधिक, तिलाच ते मिळवण्याचा खर्च सर्वाधिक, असा हा उलटा न्याय आहे. शिवाय लहान वयात मिळणारे प्रमाणपत्र बहुधा तात्पुरते असते. अवस्था आजन्म असली तरी काही वर्षांनी ही वारी पुन्हा करावी लागते.

नकार आणि त्यानंतर

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. नकार मिळाला तर काय? कायदा या बाबतीत मुका नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी असे ठरवले की, अर्जदार प्रमाणपत्रास अपात्र ठरला तर वैद्यकीय प्राधिकाऱ्याने त्याला कारणे लेखी कळवावीत. त्यासाठी पत्राचा एक नमुनाही नियमांना जोडला गेला. प्रमाणपत्र देणे कोणत्या कारणाने शक्य नाही हे लिहिण्यास त्यात जागा आहे, आणि निर्णय मान्य नसल्यास फेरविचारासाठी कोणाकडे जावे, हे लिहिण्यासाठी एक मोकळी ओळ आहे. अधिनियमाच्या ५९ व्या कलमाने तर प्रमाणन प्राधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध अपिलाचा हक्कच दिला. अपील कोणाकडे, किती मुदतीत, कोणत्या रीतीने, हे ठरवण्याचे काम त्या कलमाने राज्य सरकारांकडे सोपवले.

कागदावर हे पुरेसे दिसते. व्यवहारात तीन ठिकाणी ते अडते. पहिली अडचण अशी की, काही प्रकरणांत नकार हा नकाराच्या रूपाने येतच नाही. मुलाला चाळीस टक्क्यांहून कमी टक्केवारीचे प्रमाणपत्र मिळते. हातात सही-शिक्क्याचा कागद असतो. लाभ मात्र नसतो. अर्ज फेटाळला गेलेला नसल्यामुळे नकाराचे पत्रही मिळत नाही, आणि आपल्या बाबतीत अपील करण्याजोगे काही घडले आहे, हेच पालकांना उमगत नाही. वास्तविक ५९ वे कलम ‘निर्णया’विरुद्ध अपिलाचा हक्क देते, आणि टक्केवारी ठरवणे हाही निर्णयच आहे. दुसरी अडचण कारणांची. ‘निकषात बसत नाही’ हे कारण नव्हे. ती नकाराचीच पुनरुक्ती होय. कोणत्या प्रश्नाला किती गुण दिले आणि का, हे समजल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. तिसरी अडचण स्वातंत्र्याची. अपील म्हणजे बहुधा वरच्या रुग्णालयातील दुसऱ्या मंडळाकडून पुन्हा तपासणी. तेथे पुन्हा तीच श्रेणी, तसाच मर्यादित वेळ. गुण पुन्हा मोजले जातात. मुलाचा दिवस कसा जातो, हे ऐकले जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाच्या एका अंगावर महत्त्वाचा प्रकाश टाकला आहे. वैद्यकीय प्रवेश नाकारल्या गेलेल्या महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने म्हटले की, केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून उमेदवाराला अपात्र ठरवता येणार नाही. मंडळाने त्याच्या प्रत्यक्ष क्षमतेचा विचार केला पाहिजे आणि प्रतिकूल मत दिल्यास कारणे नोंदवली पाहिजेत. अपील मंडळे स्थापन होईपर्यंत अशा मताला न्यायालयात आव्हान देता येईल, असेही त्यात स्पष्ट केले गेले. ते प्रकरण वाणीदोषाचे होते, स्वमग्नतेचे नव्हते; आणि तेथे टक्केवारी अधिक भरली हीच अडचण झाली होती. परंतु आकडा म्हणजे माणूस नव्हे, आणि कारणाविना दिलेला नकार हा निर्णय नव्हे, ही दोन तत्त्वे स्वमग्न मुलाच्या प्रमाणपत्रालाही तितकीच लागू पडावीत. प्रश्न इतकाच की, त्यासाठी प्रत्येक आईने उच्च न्यायालयाची पायरी चढायची काय?

ब्रिटनचा अनुभव

या ठिकाणी दुसऱ्या एका देशाची पद्धत पाहणे उद्बोधक ठरेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये सोळा वर्षांखालील अपंग मुलांसाठी १९९२ पासून एक निर्वाह भत्ता आहे. तो कुटुंबाच्या उत्पन्नावर अवलंबून नाही, आणि तेथे टक्केवारी विचारली जात नाही. विचारले जाते ते असे: त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा या मुलाला लक्षणीय प्रमाणात अधिक सांभाळ, मदत किंवा देखरेख लागते काय? दिवसा लागते की रात्रीही? जेवण, अंघोळ, रस्ता ओलांडणे, झोप यांविषयी पालकाने लांबलचक अर्जात तपशील लिहायचे असतात. देखभालीसाठी तीन दर आहेत. सर्वांत वरचा आठवड्याला शंभर पौंडांहून अधिक आहे. म्हणजे तेथे कड्याऐवजी पायऱ्या आहेत.

तेथेही नकार मिळतात, आणि पुष्कळ मिळतात. नकाराविरुद्ध साधारणतः एका महिन्याच्या आत प्रथम खात्याकडेच फेरविचार मागावा लागतो. २०१३ पासून ही पायरी सक्तीची झाली. तेथे दाद न लागल्यास खात्यापासून स्वतंत्र असलेल्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि वकिलाची सक्ती नाही. खात्याने ज्या कागदांवरून निर्णय घेतला त्यांचा संपूर्ण संच अर्जदाराला द्यावा लागतो. समोर सर्वसाधारणपणे एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेला एक सदस्य बसतो, आणि आईला तिच्या शब्दांत बोलू दिले जाते. अपंगत्वाच्या भत्त्यांविषयीची जी अपिले सुनावणीपर्यंत पोहोचतात, त्यांतील निम्म्याहून अधिक अपिलांचा निकाल अलीकडच्या वर्षांत अर्जदाराच्या बाजूने लागत आला आहे.

या आकड्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. खालचे निर्णय मोठ्या प्रमाणात चुकत आहेत, हा एक. चुका दुरुस्त करणारी यंत्रणा जिवंत आहे, हा दुसरा. दोन्ही अर्थ खरे आहेत. तेथील व्यवस्था आदर्श आहे असे मुळीच नव्हे. सुनावणीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, फेरविचाराच्या पायरीवरच अनेक पालक थकून सोडून देतात, आणि लिहिता-बोलता येणाऱ्याला तेथेही अधिक मिळते. पण एक गोष्ट तेथे आहे: चुकीची मोजदाद होते. किती नकार, किती अपिले, किती निर्णय फिरले, हे आकडे नियमित प्रसिद्ध होतात, आणि त्यावरून सरकारला धारेवर धरता येते.

काय करता येईल?

तोपर्यंत पालकांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. नकार किंवा कमी टक्केवारी मिळाल्यास निर्णय आणि गुणपत्रक यांची प्रत लेखी मागावी. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला त्याची कारणे दिली पाहिजेत, असे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलमही सांगते. अपिलात ‘अन्याय झाला’ एवढेच न लिहिता मुलाचा दिवस लिहावा. दोन आठवड्यांची साधी नोंदवही ठेवली, तरी ती पुष्कळ बोलते: रात्री किती वेळा उठला, घराबाहेर किती वेळा पळाला, कपडे घालायला कोण लागले, समवयस्क मूल हे काम स्वतः करते काय. वर्गशिक्षकाचे पत्र, वाचाउपचारतज्ज्ञाचा अहवाल आणि शक्य तर घरातील चित्रण जोडावे. येथे शिक्षकांना विशेष सांगणे आहे. ‘वर्तन समाधानकारक’ हा ठरावीक शेरा मुलाच्या भल्यासाठी लिहिला जातो, पण तोच पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहू शकतो. त्याऐवजी वर्गात प्रत्यक्ष काय घडते, ते चार ओळींत लिहून दिले, तर ते पालकांच्या दहा अर्जांहून मोलाचे ठरेल.

कायदेशीर साहाय्याचा मार्गही पुष्कळांना माहीत नसतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि अपंग व्यक्ती विनामूल्य विधी साहाय्यास पात्र आहेत, आणि हे साहाय्य देणारे प्राधिकरण प्रत्येक जिल्ह्यात आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या तक्रारी राज्य आयुक्तांकडे नेता येतात. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात असून चौकशीच्या कामी आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार कायद्याने दिले आहेत.

परंतु हक्क मिळवण्याचा सगळा भार थकलेल्या आईबापांवर टाकून शासनाला मोकळे होता येणार नाही. चार सुधारणा तातडीने शक्य आहेत. चाळीस टक्क्यांखालील प्रत्येक प्रमाणपत्रावर गुणांचा तपशील आणि अपील कोठे करायचे याचा पत्ता मराठीत छापला जावा. अपील मंडळावर डॉक्टरांखेरीज विशेष शिक्षक आणि स्वमग्न मुलाचे पालक यांना स्थान असावे, आणि पालकांचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक असावे. ज्यांना दैनंदिन जीवनात अधिक आधार लागतो त्यांच्यासाठी याच कायद्याच्या ३८ व्या कलमात स्वतंत्र मूल्यांकनाची तरतूद आहे. गरजेवर आधारलेली ही तरतूद जिल्ह्याजिल्ह्यांत प्रत्यक्षात आणावी. आणि चौथे, नकार व अपिले यांचे जिल्हावार आकडे दरवर्षी प्रसिद्ध करावेत. यांतील पहिल्या आणि शेवटच्या सुधारणेला तर जवळजवळ काहीच खर्च नाही.

यावर नेहमीचा आक्षेप खर्चाचा येईल. दार सैल केले तर तिजोरी पुरेल काय, असे विचारले जाईल. हा प्रश्न अप्रामाणिक नाही, कारण साधने मर्यादित आहेतच. परंतु तिजोरीची काळजी घेण्याचा योग्य मार्ग म्हणजे लाभाची रक्कम आणि पात्रता विधिमंडळात उघडपणे ठरवणे. पात्र माणसाला खिडकीवर दमवून पैसे वाचवणे ही काटकसर नव्हे. तो एक अघोषित कर आहे, आणि तो सर्वांत दुबळ्या घरांकडून वसूल होतो. शिवाय वेळेवर मदत मिळालेले मूल पुढे काही प्रमाणात तरी स्वावलंबी होऊ शकते. मदत न मिळाल्यामुळे नोकरी सोडलेल्या आईचे उत्पन्न मात्र कायमचे बुडते. हा हिशेब मांडला, तर नकार वाटतो तितका स्वस्त नाही.

नियमांना जोडलेल्या त्या नमुन्यात फेरविचारासाठी कोणाकडे जावे, ही ओळ अजून मोकळी सोडलेली असते. ती भरणे हे प्रशासनाचे काम आहे. प्रत्येक जिल्ह्यात त्या जागी एका जबाबदार अधिकाऱ्याचे पद, पत्ता आणि अपिलाची मुदत लिहिली जाईल, त्या दिवशी २०१६ चा कायदा स्वमग्न मुलाच्या घरापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.